कांटचं समग्र लेखन इंग्रजीतून कसं वाचावं

अठराव्या शतकातला जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याच्या लेखनाचा केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने काढलेला इंग्रजी संच १९९२पासून खंडाखंडाने येत गेला. आज तो पंधराहून जास्त जाडजूड खंडांचा झाला आहे. एवढा पसारा समोर आला की वाचकाचं बहुधा दोनपैकी एक होतं. एक तर तो कालक्रमाने पहिला खंड उघडतो, १७५५ सालचे लॅटिनमधून आलेले प्रबंध वाचू लागतो आणि पन्नासाव्या पानावर थांबतो. नाहीतर थेट ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ हातात घेतो आणि तिथेही पन्नासाव्या पानावरच थांबतो. नव्या गावात वेशीपासून एकेक घर मोजत कुणी हिंडत नाही. पत्ता विचारत जातो. समग्र लेखनाचा संचही तसाच वाचायचा असतो, आणि कांटच्या बाबतीत सुदैवाने प्रत्येक ओळीला पत्ता आहे.

आधी समासातले आकडे शिका

कुठल्याही चांगल्या अनुवादाच्या समासात, पानाच्या क्रमांकाखेरीज आणखी आकडे छापलेले दिसतील. नवा वाचक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीने १९००पासून कांटचं सगळं लेखन मूळ भाषेत छापायला घेतलं. त्या आवृत्तीचे २९ खंड आहेत. जगभरचे अभ्यासक तिचाच खंड आणि पान सांगतात. ४:४२१ म्हणजे चौथा खंड, पान ४२१. तुमच्या इंग्रजी प्रतीत हा मजकूर कुठल्याही पानावर असो, समासात ४२१ दिसलं की तुम्ही योग्य जागी आलात.

खंडाच्या आकड्यावरून मजकुराचा दर्जाही कळतो. १ ते ९ हे कांटच्या हयातीत छापलेलं लेखन, १० ते १३ पत्रव्यवहार, १४ ते २३ हस्तलिखित टिपणं आणि कच्चे खर्डे, २४ ते २९ त्याच्या व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी उतरवलेली टिपणं. म्हणजे कुणी ‘कांट म्हणतो’ असं सांगून २८:अमुक असा आधार दिला, तर ते वाक्य कांटच्या लेखणीतून नव्हे, वर्गात बसलेल्या कुणाच्या तरी वहीतून आलेलं आहे.

‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ला मात्र वेगळी पद्धत आहे. हे पुस्तक १७८१ साली निघालं आणि १७८७ साली कांटने त्याचे काही भाग नव्याने लिहून दुसरी आवृत्ती काढली. पहिलीला ए म्हणतात, दुसरीला बी. ए ५१/बी ७५ म्हणजे पहिल्या आवृत्तीचं पान ५१, दुसरीचं ७५, मजकूर तोच. नुसतं बी २७४ लिहिलं असेल तर तो मजकूर पहिल्या आवृत्तीत नाहीच.

इथे एक जागा हमखास गोंधळात टाकते. अँटिनॉमीच्या, म्हणजे परस्परविरोधी दाव्यांच्या, प्रकरणात मूळ पुस्तकात डाव्या पानावर एक बाजू आणि समोरच्या उजव्या पानावर तिच्या विरुद्धची बाजू अशी मांडणी होती. त्यामुळे एका बाजूचे आकडे बी ४५४, ४५६ असे जातात आणि दुसरीचे ४५५, ४५७ असे. तुमच्या प्रतीत या दोन बाजू एकीखाली एक छापल्या असतील तर आकडे उड्या मारताना दिसतील. पान गळलेलं नाही, मांडणी तशीच आहे.

सराव म्हणून आपल्या प्रतींत हे पाच पत्ते शोधा: ८:३५, ४:४२१, ५:१६१, ए ५१/बी ७५ आणि बी २७४. प्रत्येकाला एक मिनिटाच्या आत पोचता आलं की पुढे चला.

प्रत निवडताना

पहिला धोका नावांचा. एकाच पुस्तकाला अनुवादकांनी वेगवेगळी नावं दिली आहेत, त्यामुळे तेच पुस्तक दोनदा विकत घेतलं जातं. १७८५चं नीतिविषयक छोटं पुस्तक ‘ग्राउंडवर्क’ या नावाने मिळतं, ‘फाउंडेशन्स’ या नावाने मिळतं, ‘ग्राउंडिंग’ आणि ‘फंडामेंटल प्रिन्सिपल्स’ या नावांनीही मिळतं. चारही एकच. उलट ‘ग्राउंडवर्क ऑफ द मेटॅफिजिक्स ऑफ मॉरल्स’ आणि नुसतं ‘मेटॅफिजिक्स ऑफ मॉरल्स’ ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. दुसरं १७९७चं, आकाराने कितीतरी मोठं, कायदा आणि सद्गुण अशा दोन भागांचं. ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ आणि ‘क्रिटिक ऑफ द पॉवर ऑफ जजमेंट’ मात्र एकच. शंका आली तर आतल्या पानाच्या समासातले आकडे बघा: ४:३८५ ते ४६३ असेल तर ‘ग्राउंडवर्क’, ६:२०३ ते ४९३ असेल तर १७९७चं पुस्तक.

अख्खा संच घेण्याची गरज नाही. सामान्य वाचकाला तीन खंड दोन वर्षं पुरतात. मेरी ग्रेगरने अनुवादलेला ‘प्रॅक्टिकल फिलॉसॉफी’ हा खंड पहिला. त्यात ‘प्रबोधन म्हणजे काय’ हा निबंध, ‘ग्राउंडवर्क’, दुसरी क्रिटिक (म्हणजे ‘क्रिटिक ऑफ प्रॅक्टिकल रीझन’), शाश्वत शांततेवरचा निबंध आणि १७९७चं पुस्तक, इतकं सगळं एकत्र आहे. पैशाच्या मानाने सगळ्यांत भरगच्च खंड हाच. दुसरा पॉल गायर आणि ॲलन वुड यांनी अनुवादलेली ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’, १९९८. तिसऱ्या खंडाऐवजी, म्हणजे १७८१नंतरच्या सैद्धांतिक लेखनाऐवजी, त्यातलं ‘प्रोलेगोमेना’ तेवढं सुटं घेतलं तरी चालतं. गॅरी हॅटफिल्डचा तोच अनुवाद लहान पुस्तकरूपात मिळतो. बाकीचे खंड लागतील तसे विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणावेत.

फुकट मिळणाऱ्या प्रती वाईट नाहीत, पण त्यांच्या खोडी माहीत हव्यात. पहिल्या क्रिटिकचा, म्हणजे ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’चा, माइकलजॉनचा १८५५चा अनुवाद दुसऱ्या आवृत्तीवरून केलेला आहे. पहिल्या आवृत्तीतला वेगळा मजकूर त्यात शोधायला जाऊ नका. मॅक्स म्यूलरचा १८८१चा अनुवाद नेमका उलटा: पायाभूत मजकूर पहिल्या आवृत्तीचा, आणि दुसरीतले बदल पुरवण्यांत. हा तोच म्यूलर, ऋग्वेदवाला. नॉर्मन केम्प स्मिथचा १९२९चा अनुवाद दोन्ही आवृत्त्या मुख्य मजकुरात देतो आणि इंग्रजी म्हणून तो आजही सगळ्यांत ओघवता वाटतो. पण ओघासाठी त्याने काही ठिकाणी मूळ वाक्यं तोडली, काही ठिकाणी शब्दांची एकवाक्यता सोडली. वाचायला केम्प स्मिथ, तपासायला गायर-वुड अशी जोडी उत्तम.

जॉनथन बेनेटने सोप्या इंग्रजीत नव्याने घडवलेले पाठही जालावर आहेत. त्यात त्याने घातलेले शब्द बारीक ठिपक्यांच्या मध्ये असतात आणि गाळलेल्या जागी चार टिंबं असतात. अडलेला परिच्छेद सुटण्यासाठी ते फार उपयोगी पडतात, उद्धृत करण्यासाठी अजिबात नाहीत. तिथलं वाक्य कांटचं म्हणून कुठे देऊ नका.

ई-पुस्तकांत समासच नसतो, त्यामुळे आकडे मजकुरात चौकटी कंसात घुसतात किंवा गायबच होतात. घेण्याआधी नमुना उतरवून तेवढं बघून घ्या.

पानावर तीन जणांचे आवाज असतात

केंब्रिजच्या प्रतीत तारांकित टीप स्वतः कांटची असते, इंग्रजी अक्षर लावलेली टीप मूळ जर्मन शब्द किंवा पाठभेद सांगते, आणि आकडा लावलेली टीप संपादकांची, पुस्तकाच्या शेवटी असते. पहिल्या वाचनात शेवटच्या टिपांकडे जाऊ नका. अक्षरांच्या टिपांवर नुसती नजर टाका. तारांकित टीप मात्र कधीही सोडू नका.

कारण कांट महत्त्वाच्या गोष्टी तळटिपेत ढकलतो. पहिल्या क्रिटिकच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतली रोमन आकडा ३९वर सुरू होणारी टीप पाहा. पुढे बी २७५वर येणाऱ्या युक्तिवादातलं एक वाक्य बदलून वाचा, असं तो तिथे सांगतो आणि नवं वाक्य देतो. दोनशे-अडीचशे पानांनंतर तुम्ही त्या जागी पोचाल तेव्हा ही सूचना विसरलेली असेल. म्हणून टीप वाचली त्याच दिवशी बी २७५वर पेन्सिलने खूण करून ठेवा.

गायर-वुडच्या क्रिटिकमधली जाड अक्षरं म्हणजे कांटने दिलेला भर, तिरकी अक्षरं म्हणजे बहुतेक करून लॅटिन शब्द. जुन्या अनुवादांत भर तिरक्या अक्षरांनी दाखवतात. एका प्रतीवरून दुसरीवर जाताना हे लक्षात असू द्या.

संपादकांच्या प्रस्तावना विद्वत्तापूर्ण आणि लांब आहेत. त्या पुस्तक वाचून झाल्यावर वाचाव्यात. आधी वाचल्या तर पुढे कांटचं वाक्य दिसायच्या ऐवजी संपादकाचा निष्कर्षच दिसत राहतो.

कशानंतर काय

सुरुवात ‘प्रबोधन म्हणजे काय’ या निबंधाने. ८:३३ ते ४२, दहा पानांच्या आत. डिसेंबर १७८४मध्ये तो एका बर्लिनच्या मासिकात आला, म्हणजे आपल्यासारख्या सामान्य वाचकासाठीच लिहिला गेला. दोन बैठकी पुरतात. त्यात ‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द आपल्या वापराच्या उलटे आहेत, तेवढं जपा. अधिकारी म्हणून पदावर बसून बोलणं हा तिथे बुद्धीचा खासगी वापर. वाचकांच्या जगासमोर लेखक म्हणून मांडणं हा सार्वजनिक. हे निसटलं तर निबंध दोनदा वाचूनही विसंगत वाटतो.

मग ‘ग्राउंडवर्क’. ७९ अकादमी-पानं, बैठकीला सहा या हिशेबाने साधारण तेरा बैठकी. ४:४२१ ते ४२३वर चार उदाहरणं आहेत: आत्महत्या, खोटं वचन, अंगचे गुण वाया घालवणं, गरजूला मदत न करणं. तीच चार ४:४२९-४३०वर वेगळ्या सूत्राखाली पुन्हा येतात. वहीच्या एका पानावर दोन रकाने करून ती शेजारी शेजारी मांडा. नियमाचं एक सूत्र आणि दुसरं यांत फरक काय, हे त्या आठ चौकटींतून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही मार्गदर्शिकेतून होत नाही. तिसरा भाग, ४:४४६पासून पुढचा, अवघड आहे आणि त्यात कांट यशस्वी झाला का यावर अजून वाद चालू आहे. नाही समजला तरी अडून बसू नका.

त्यानंतर ‘प्रोलेगोमेना’, १७८३. पहिल्या क्रिटिकवर १७८२मध्ये एक उथळ परीक्षण आलं आणि कांट चिडला. हे छोटं पुस्तक काही अंशी त्याचं उत्तर आहे. सुमारे १३० पानं, बावीसेक बैठकी. क्रिटिकमध्ये कांट पायापासून वर बांधत जातो, इथे तो उभ्या इमारतीकडून पायाकडे उतरतो. गणित आणि निसर्गविज्ञान आहेत हे धरून चालायचं आणि ती शक्य कशी झाली ते विचारायचं. म्हणून आधी हेच वाचावं. दुसऱ्या आणि चौथ्या कलमात एक अडचण येते. काही परिच्छेद छपाईत चुकीच्या जागी गेले असावेत, असं हान्स फायहिंगरने एकोणिसाव्या शतकात दाखवलं, आणि काही अनुवादक ते हलवून छापतात. समासातले आकडे तिथे मागेपुढे झाले तर कारण हे.

मराठी वाचक पुष्कळदा कांटपर्यंत सौंदर्यशास्त्राच्या वाटेने येतो. रा. भा. पाटणकरांनी त्याच्या सौंदर्यविचारावर मराठीत सविस्तर लिहिलं आहे. त्या वाटेने आलेल्याने ‘ग्राउंडवर्क’नंतर तिसऱ्या क्रिटिकचा, म्हणजे ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’चा, सौंदर्यावरचा भाग, ५:२०३ ते २४४, घेतला तर हरकत नाही. फक्त केंब्रिजच्या त्या खंडात सुरुवातीलाच जी लांब प्रस्तावना आहे तिच्या समासात २० हा खंडक्रमांक दिसेल. वर सांगितलेली खंडांची वाटणी आठवा: वीस म्हणजे हस्तलिखित. ही प्रस्तावना कांटने लिहिली आणि बाजूला ठेवून दुसरी छापली. ती ओलांडून पुढे जा.

एका बैठकीत काय करायचं

पाऊण तास. त्याहून जास्त वेळ बसलात तर डोळे ओळींवरून फिरतात, डोकं फिरत नाही.

पहिली दहा मिनिटं ठरलेली पानं न थांबता वाचा. मग पुन्हा पहिल्या परिच्छेदावर या आणि प्रत्येक लांब वाक्याचं मुख्य क्रियापद आधी शोधा. कांट दहा-बारा ओळींचं वाक्य सहज लिहितो. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्या मराठीसारखं. इंग्रजीत ते पुढे ओढावं लागतं आणि मग त्याच्या मागे उरलेले तुकडे लोंबकळत राहतात. क्रियापदाला गोल करा, त्याचा कर्ता अधोरेखित करा, बाकीचं कंसात टाका. वाक्य दोन ओळींचं उरतं.

नंतर सर्वनामं. अनुवादात जास्तीत जास्त गफलत इथे होते. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं असतात, त्यामुळे सर्वनाम कशाबद्दल आहे हे मूळ वाक्यात बऱ्याचदा कळतं. इंग्रजीत सगळ्यांसाठी एकच ‘इट’. अनुवादक कधी नाम परत लिहितो, कधी ‘इट’ तसंच सोडतो. इथे मराठी आपल्या कामाला येते, कारण आपल्याकडेही तीन लिंगं आहेत: विषय तो, संकल्पना ती, ज्ञान ते. वाक्याचा सारांश समासात मराठीत लिहायला घेतला की ‘तो’ लिहायचं की ‘ती’ हे ठरवावंच लागतं, आणि ठरवता आलं नाही तर वाक्य कळलेलं नाही हे लगेच उघडं पडतं. इंग्रजीत सारांश लिहिणारा ‘इट’ लिहून निसटतो. अडलंच तर दुसरा अनुवाद उघडा. तिथे दुसऱ्या अनुवादकाने ‘इट’च्या जागी कोणतं नाम घातलं ते बघा. दोघांची नामं वेगळी असतील तर जर्मन मूळ पाहायचं. अकादमी आवृत्तीचे पहिले २३ खंड जालावर फुकट आहेत आणि पत्ता तोच असल्याने नेमकी ओळ सापडायला जर्मन यावंच लागतं असं नाही.

शेवटची पाच मिनिटं: त्या दिवशीच्या पानांनी कोणता प्रश्न विचारला आणि काय उत्तर दिलं, दोन मराठी वाक्यांत, पत्त्यासह. उत्तर सापडलं नसेल तर फक्त प्रश्न लिहा. रिकामी जागा सोडून ठेवा, पुढच्या आठवड्यात ती बहुधा भरते.

शब्दांची वही

वहीत चार रकाने हवेत: इंग्रजी शब्द, वेगळ्या अनुवादातला त्याचा पर्याय, मूळ जर्मन, आणि मराठीत अर्थ सांगणारं एक वाक्य पत्त्यासह. केंब्रिजच्या क्रिटिकमध्ये शेवटी जर्मन-इंग्रजी आणि इंग्रजी-जर्मन अशा दोन्ही बाजूंच्या शब्दयाद्या आहेत, त्यातून तिसरा रकाना भरतो. चौथ्या रकान्यात मराठी प्रतिशब्द न लिहिता वाक्य लिहा. प्रतिशब्द लिहिला की त्याच्या मागून आपल्या दर्शनांचा सगळा गोतावळा आत शिरतो.

‘अपिअरन्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. वस्तू आपल्याला जशी दिसते तशी, असा त्याचा अर्थ. मराठी मन तिथे झटकन ‘माया’ घालतं आणि कांट वेदान्ती होतो. पण जर्मनमध्ये एर्शायनुंग आणि शाइन हे दोन शब्द आहेत, इंग्रजीत अपिअरन्स आणि इल्युजन. बी ६९वर कांट बजावून सांगतो की अपिअरन्स म्हणजे भास नव्हे. समोरचं टेबल अपिअरन्स आहे आणि पूर्णपणे खरं आहे.

‘इंट्यूशन’ म्हणजे अंतःप्रेरणा किंवा मनाचा कौल नाही. ज्या ज्ञानाचा वस्तूशी थेट, मध्ये संकल्पना न येता संबंध असतो ते, ए १९/बी ३३. हे पक्कं असेल तरच ए ५१/बी ७५वरचं ते प्रसिद्ध वाक्य लागतं: आशयावाचून विचार रिकामे, संकल्पनांवाचून इंट्यूशन आंधळं. या वाक्याचा पहिला भाग ‘इंट्यूशनवाचून संकल्पना रिकाम्या’ असा सर्रास उद्धृत होतो. छापील पान बघा, तिथे ‘विचार’ आणि ‘आशय’ हेच शब्द आहेत.

‘ट्रान्सेंडेंटल’ आणि ‘ट्रान्सेंडेंट’ यांत एका अक्षराचा फरक आणि अर्थात जमीन-अस्मान. दुसरा शब्द अनुभवाच्या हद्दीपलीकडच्याबद्दल आहे. पहिला अनुभव शक्य कशामुळे होतो त्याबद्दल, म्हणजे हद्दीच्या अलीकडच्याच पायाबद्दल. दोन्हींना ‘अतींद्रिय’ म्हटलं की पुस्तक संपलं. कांट स्वतःही एखाद्या ठिकाणी घसरतो, पण म्हणून आपण घसरायचं कारण नाही.

‘कॉग्निशन’ आणि ‘नॉलेज’: गायर-वुडमध्ये कॉग्निशन, केम्प स्मिथमध्ये बहुतेक ठिकाणी नॉलेज, मूळ शब्द एर्केंटनिस एकच. जर्मन शब्दाला अनेकवचन आहे, नॉलेजला नाही, म्हणून केम्प स्मिथ ‘मोड्स ऑफ नॉलेज’ अशी कसरत करतो. तो काही वेगळा पारिभाषिक शब्द नव्हे. वेर्नर प्लुहारच्या अनुवादात ‘रिप्रेझेंटेशन’च्या जागी ‘प्रेझेंटेशन’ दिसेल, तेही तसंच.

नीतीच्या पुस्तकांत विले आणि विल्क्यूर या दोन शब्दांकडे लक्ष हवं. ग्रेगर त्यांना ‘विल’ आणि ‘चॉइस’ म्हणते. नियम घालून देणारी ती विल, कृतीची निवड करणारी ती चॉइस. ६:२१३ आणि ६:२२६ ही दोन पानं त्यासाठी खुणा घालून ठेवा. जुन्या अनुवादांत ही रेषा पुसट होते.

पहिली क्रिटिक

दुसऱ्या आवृत्तीची ८८४ मूळ पानं. बैठकीला बारा, आठवड्याला चार बैठकी धरल्या तर साधारण साडेअठरा आठवडे. मूळ पानं लहान आहेत, म्हणून बारा जमतात. पण सगळी पानं सारख्या वजनाची नाहीत, आणि पहिल्या फेरीत काही भाग सरळ ओलांडावेत.

पहिल्या फेरीत दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना आणि उपोद्घात वाचा, मग अवकाश-काळावरचा भाग, बी ३३ ते ७३. पुढे बी ९१ ते ११६. त्यानंतर येतं ते डिडक्शन, म्हणजे संकल्पना अनुभवाला का लागू पडतात याचं समर्थन. हे प्रकरण दोनदा लिहिलं गेलं, ए ९५ ते १३० आणि बी १२९ ते १६९. पहिल्या रूपापेक्षा जास्त कष्ट आपल्याला दुसऱ्या कशासाठीही पडले नाहीत, असं कांट पहिल्या प्रस्तावनेत म्हणतो. दोन्ही लागोपाठ वाचू नका. छापील पुस्तकात ती एकापाठोपाठ येतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण तसं करतो. मग एकाच दाव्याचे दोन वेगळे पुरावे डोक्यात मिसळतात आणि दोन्ही जातात. पहिल्या फेरीत फक्त बी. आठवड्याला चाराऐवजी तीन बैठकी, बैठकीला पाचच पानं.

मग स्किमॅटिझमचं, म्हणजे संकल्पना इंद्रियानुभवाशी कशी जोडली जाते याचं, छोटं प्रकरण, दुसरी ॲनॅलॉजी म्हणजे कार्यकारणभावाचा युक्तिवाद, बी २७४-२७५ची खूण केलेली जागा, आणि बी २९४ ते ३१५. तिथून उडी मारून अँटिनॉमीवर, बी ४३२पासून. जगाला आरंभ आहे का, आहे आणि नाही दोन्ही सिद्ध करता येतं तर चुकतंय काय, हा भाग वाचताना पुस्तक एकदम उजळतं. सप्टेंबर १७९८च्या एका पत्रात कांट गार्वे या तत्त्ववेत्त्याला लिहितो की ठाम मतांच्या झोपेतून आपल्याला जागं केलं ते या अँटिनॉमीनेच. पुस्तकात ती मध्यावर आहे, त्याच्या विचारात ती उगमाशी होती. शेवटी बी ८२३ ते ८५९; मला काय कळू शकतं, मी काय करावं, मी कशाची आशा धरावी, हे तीन प्रश्न तिथे, बी ८३३वर आहेत.

दुसऱ्या फेरीत पहिल्या आवृत्तीचं डिडक्शन आणि आत्म्यावरच्या प्रकरणाची दोन्ही रूपं, ए ३४१ ते ४०५ आणि बी ३९९ ते ४३२. मधली ओलांडलेली पानंही आता. या फेरीला पहिलीच्या निम्मा वेळ लागतो.

बाकीच्या खंडांशी कसं वागायचं

पत्रांचा खंड लागेल तसा चाळायचा. २१ फेब्रुवारी १७७२चं माजी विद्यार्थी मार्कुस हेर्ट्झला लिहिलेलं पत्र मात्र ‘प्रोलेगोमेना’नंतर लगेच वाचावं. मनातल्या कल्पनेचा वस्तूशी संबंध कशाच्या आधारावर लागतो, हा पुढच्या नऊ वर्षांना पुरलेला प्रश्न तिथे अगदी साध्या शब्दांत आहे. क्लागेनफुर्टच्या मारिया फॉन हेर्बर्टचा पत्रव्यवहारही चुकवू नका. खरं बोलण्याने प्रेम गमावलेल्या एका तरुण स्त्रीने १७९१मध्ये कांटकडे मदत मागितली. त्याचं उत्तर ‘ग्राउंडवर्क’मधल्या वचनाच्या उदाहरणाशेजारी ठेवून वाचलं की तत्त्वाची धार आणि तत्त्ववेत्त्याची मर्यादा दोन्ही दिसतात.

धर्मावरच्या लेखनाला तारीख लावून वाचा. ऑक्टोबर १७९४मध्ये प्रशियाच्या राजाने, मंत्री व्योल्नरच्या हाताने, धर्मविषयक लेखनाबद्दल कांटला तंबी दिली. ते फर्मान आणि आपलं उत्तर कांटने राजा वारल्यावर ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ द फॅकल्टीज’ या १७९८च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकलं. १७९३चं धर्मावरचं पुस्तक वाचण्याआधी ती प्रस्तावना, सातव्या खंडाच्या सुरुवातीची, वाचून घ्यावी.

वंशांवरचे निबंध आणि भूगोलाची व्याख्यानं यांत गोऱ्यांना सर्वांत वर ठेवून इतरांची उतरंड लावलेली आहे. हिंदी लोकांबद्दलचे हिणवणारे शेरेही आहेत. ते टाळून फक्त उदात्त पानं वाचणं हे समग्र वाचन नव्हे. पण भूगोलाचा तो पाठ संपादक रिंकने १८०२मध्ये वेगवेगळ्या दशकांतल्या टिपणांतून जुळवलेला आहे, हेही ध्यानात घ्या. आणि शेजारी १७९५चा शांततेवरचा निबंध उघडा, ८:३५८-३५९. व्यापाराच्या ठाण्यांच्या नावाखाली युरोपीयांनी हिंदुस्थानात परके सैनिक आणले आणि तिथल्या लोकांवर जुलूम केला, असं कांट तिथे स्पष्ट लिहितो. त्याचं मत मधल्या काळात बदललं की दोन्ही एकाच डोक्यात नांदत होती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. निबंध सालवार लावून आपला कौल आपणच द्यावा.

व्याख्यानांच्या खंडांचा उपयोग एकच: छापील पुस्तकातला एखादा शब्द अडला की सूचीतून तो शोधायचा आणि वर्गात कांट तो कोणत्या उदाहरणाने समजावत होता ते पाहायचं. टिपणांच्या खंडात प्रत्येक टिपणाला क्रमांक आहे आणि पुढे काळ सांगणारं ग्रीक अक्षर. हा काळ एरिख आडिकेसने शाई, हस्ताक्षर आणि जागा बघून ठरवलेला अंदाज आहे, तारीख नव्हे.

‘ओपुस पोस्टुमुम’, म्हणजे कांटच्या अखेरच्या वर्षांतले खर्डे, सगळ्यांत शेवटी. हे नाव कांटचं नाही आणि पुस्तकही पुरं नाही. अकादमीच्या २१ आणि २२ या खंडांत त्याचे ताव जसे हाती आले तशा क्रमाने छापले गेले; केंब्रिजच्या खंडात त्यातले निवडक भाग लिहिल्याच्या अंदाजी काळानुसार लावले आहेत. त्यामुळे तिथे समासातला आकडा २२वरून २१वर आणि परत २२वर जातो. इतर सगळीकडे आकड्यांच्या मागोमाग चालायचं. इथे मात्र पानं छापली आहेत त्याच क्रमाने वाचायची आणि आकडे फक्त नोंद करताना उतरवायचे.